भिंत बांधली अमेरिकेने, कारखाने उभे राहिले चितगावात

मोटारीच्या कारखान्यात रोबो पत्रा उचलतो, फिरवतो, जोडतो. त्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. त्याच रोबोपुढे सुती कापडाची चळत ठेवा आणि वरचा एकच तुकडा उचलायला सांगा. त्याची त्रेधा उडते. पत्रा कसाही धरला तरी आपला आकार सोडत नाही. कापड लोंबतं, ताणलं जातं, खालच्या तुकड्याला चिकटून वर येतं. शिलाई मशीनची दातेरी पट्टी खालचा थर पुढे ओढते आणि वरचा जरा मागे रेंगाळतो. मशीनवर बसलेल्या बाईची बोटं हे तिच्याही नकळत सावरून घेतात. कताई आणि विणाई दीडदोनशे वर्षांपूर्वीच यंत्रांकडे गेली. शिलाई मात्र सिंगरच्या 1851 च्या पेटंटनंतर आजही बहुतांशी ‘एक मशीन, एक माणूस’ याच हिशोबावर थांबली आहे.

म्हणून मजुरी कमी असलेला देश कपड्यांच्या धंद्यात शिरतो आणि श्रीमंत देशातले शिलाई कारखाने धडाधड बंद पडू लागतात. अमेरिका आणि युरोपला हे 1950 च्या दशकातच दिसू लागलं होतं. त्यांनी आधी सुती मालापुरते निर्बंध आणले आणि 1974 पासून ‘मल्टी-फायबर अरेंजमेंट’ नावाची व्यवस्था लागू केली. तिच्यात लोकर आणि कृत्रिम धागेही आले. कुठल्या देशाने कुठल्या प्रकारचे किती नग पाठवायचे, याचा दरवर्षीचा कोटा ठरला. खुल्या व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांनीच बांधलेली ही भिंत होती, आणि ती 2004 अखेरपर्यंत उभी राहिली.

कोटा ही आयात शुल्काहून वेगळीच चीज आहे. शुल्क भरलं की माल आत जातो. कोटा संपला की कितीही पैसे मोजा, दार बंद. त्यामुळे कोट्याच्या परवान्यालाच किंमत येते. हाँगकाँगमध्ये तर हे परवाने उघडपणे विकले जात. कोटा नगांवर असल्याने तिथले आणि कोरियातले कारखानदार हळूहळू महागडे कपडे शिवू लागले, कारण शंभर शर्टच पाठवायचे असतील तर भारीतले का नकोत? उरलेल्या साध्या शर्टांचं काय करायचं, यालाही उत्तर होतं. ज्या देशावर कोटाच नाही, तिथे जाऊन शिवायचे.

असा एक देश होता बांगलादेश. कपड्यांची निर्यात जवळजवळ शून्य, म्हणून कोटाही नाही. माजी सनदी अधिकारी नुरुल कादेर यांच्या ‘देश गारमेंट्स’ने 1978 मध्ये कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. पुढच्या वर्षी सुमारे 130 जणांची तुकडी कोरियातल्या बुसानच्या कारखान्यात शिकायला गेली. सहा महिने त्यांनी शिवण तर शिकलीच, शिवाय मशीनची ओळ कशी लावायची, एका शर्टाच्या शिलाईचे तुकडे पाडून कुणाला काय द्यायचं, दोष कुठे पकडायचा, खरेदीदाराशी बोलायचं कसं, हेही शिकून घेतलं. बांगलादेशातल्या चितगाव या बंदराच्या शहरातला कारखाना 1980 मध्ये सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तिथून 43 हजार शर्ट निघाले.

त्या शर्टांपेक्षा ती माणसं महत्त्वाची ठरली. पुढच्या काही वर्षांत 130 पैकी 115 जण ‘देश गारमेंट्स’ सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या दृष्टीने हा तोटाच. देशाच्या दृष्टीने मात्र एवढी स्वस्त औद्योगिक शाळा क्वचितच कुणाला मिळाली असेल.

पण कारागीर असले तरी कापड आणायला भांडवल कुठून येणार? इथे बँकेची एक साधी युक्ती कामी आली. न्यूयॉर्कचा खरेदीदार शर्टांची ऑर्डर देताना आपल्या बँकेकडून पतपत्र पाठवतो, धंद्यातल्या भाषेत एलसी. ढाक्याची बँक त्या एलसीच्या भरवशावर दुसरी एलसी काढते, कोरियातल्या कापडवाल्याच्या नावाने. कापड येतं, शिवलं जातं, शर्ट रवाना होतात, आणि आलेल्या पैशांतून कापडाची उधारी फिटते. जोडीला बाँडेड गोदाम: त्यात ठेवलेल्या परदेशी कापडावर, ते शिवून परत देशाबाहेर जाणार असेल तर, आयात शुल्क नाही. तेव्हा बांगलादेशातलं आयात शुल्क जबर होतं. हे गोदाम नसतं तर शर्टाची किंमत बंदरावरच हाताबाहेर गेली असती.

एव्हाना काही वाचकांच्या मनात गिरणगाव आलं असेल. मुंबईचा गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, म्हणजे जवळपास याच काळात. पण बांगलादेशाने आपल्या गिरण्या गिळल्या असं म्हणणं चूक आहे. गिरण्या सूत काढत, कापड विणत. चितगावात होत होती ती शिलाई. भारताचं शिलाईतलं मागे राहणं बरंचसं घरचंच होतं. इथे तयार कपड्यांचा धंदा 2000 सालापर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होता. एका छपराखाली हजार मशीन लावायची सोय नव्हती, आणि मोठ्या खरेदीदाराला नेमकं तेच हवं होतं.

1985 मध्ये अमेरिकेने बांगलादेशावरही कोटा लादला. पण तोवर धंदा रुजला होता, आणि कोट्याचा उलटा फायदाही होता. जेवढा कोटा, तेवढी जागा चीनसारख्या मोठ्या स्पर्धकांपासून राखून ठेवलेली. युरोपची तऱ्हा याहून निराळी. तिथे गरीब देशांच्या कपड्यांना शुल्कमाफी होती, पण 2010 अखेरपर्यंत अट अशी की नुसती शिलाई पुरे नाही, कापडही त्याच देशात तयार झालेलं हवं. शर्टाचं कापड विणायला मोठी गिरणी लागते. टी-शर्टचं होजिअरी कापड त्यामानाने छोट्या यंत्रांवर निघतं. म्हणून ढाक्याजवळच्या नारायणगंजमध्ये होजिअरीचे कारखाने फोफावले. आज युरोपात माणसं बांगलादेशी टी-शर्ट घालून हिंडतात, त्यात आवडीनिवडीइतकाच युरोपीय संघाच्या ब्रुसेल्समधल्या एका कलमाचा हात आहे.

मशीनवर बसल्या त्या मुख्यतः खेड्यांतून आलेल्या मुली. रेचल हीथ आणि मुश्फिक मोबारक या अर्थतज्ज्ञांनी 2015 मध्ये दाखवून दिलं की कारखान्यांजवळच्या गावांत मुली जास्त शिकल्या आणि त्यांची लग्नं उशिरा झाली. कारखान्यात नोंदी ठेवायला आकडेमोड नि अक्षरओळख लागते, तेव्हा आईबापांना मुलीची शाळा फायद्याची वाटू लागली. दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत 1992 मध्ये सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी केलेल्या मालाच्या आयातीवर बंदीचं विधेयक आणलं. ते मंजूर झालंच नाही. पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या मालकांनी सुमारे 50 हजार मुलांना बाहेर काढलं. युनिसेफच्या 1997 च्या अहवालानुसार त्यातली कित्येक शाळेत गेली नाहीत, खडी फोडायला आणि त्याहून वाईट कामांना लागली. मुलांना शाळा आणि भत्ता देण्याचा करार व्हायला 1995 चा जुलै उजाडला.

दूरचा कायदा मशीनवरच्या माणसापर्यंत असा वेडावाकडा पोचतो. कधी तो पोचतच नाही. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळच्या सावारमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून 1,134 माणसं गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली; वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र बोलावून घेतलं गेलं. तोवर खरेदीदार कंपन्यांच्या आचारसंहिता, तपासण्या, प्रमाणपत्रं सगळं होतं. इमारतीच्या खांबांकडे बघायचं कलम तेवढं कुणाचं नव्हतं. त्यानंतर आलेल्या ‘अकॉर्ड’ या इमारत-सुरक्षेच्या करारात फरक एवढाच होता की तो ब्रँडना कायद्याने बंधनकारक होता, आणि म्हणूनच हजारावर कारखान्यांची खरी तपासणी झाली.

कोट्याची भिंत 1 जानेवारी 2005 ला पडली तेव्हा आता चीन आणि भारत बांगलादेशाला खाऊन टाकतील, असा बऱ्याच जाणकारांचा होरा होता. झालं उलटंच, निर्यात वाढत गेली. आज त्या देशाच्या एकूण निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. एवढी अंडी एका टोपलीत ठेवणाऱ्याला प्रत्येक देशाचं राजपत्र वाचावं लागतं, भारताचंही. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीवरच्या नाक्यांतून होणारी आयात थांबवली. 17 मे रोजी भारताने उत्तर दिलं: बांगलादेशी तयार कपडे कुठल्याही जमिनीवरच्या नाक्यातून येणार नाहीत, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या दोन बंदरांतून येतील. ढाक्याहून पश्चिम बंगालच्या सीमेवरचा पेट्रापोलचा नाका ट्रकने जवळ. तोच शर्ट मुंबईच्या दुकानात यायचा तर आता एक रस्ता समुद्राचा, श्रीलंकेला वळसा घालून उरणपर्यंत.