गुडघाभर पाण्याचं गणित

रस्त्यावर पाणी तुंबलं की काठावर माणसं थबकतात. कोणी पँट दुमडतो, कोणी चपला हातात घेतो, पण पहिलं पाऊल कोणी टाकत नाही. मग एक जण बेधडक आत शिरतो. पाणी त्याच्या गुडघ्यापाशी थांबतं, तो पलीकडे पोहोचतो आणि मागचे सगळे निघतात. पाण्याची खोली मोजायची ही पद्धत जुनीच. तिच्यातली खोट एवढीच की पहिल्या माणसाने फक्त त्याची पावलं पडली तेवढ्या जागेची खोली मोजलेली असते. दोन हात डावीकडे काय आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं.

नजरेवर भिस्त ठेवावी तर तीही फसवी. अगदी नितळ पाणीसुद्धा प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे उथळ भासतं. वरून पाहणाऱ्याला तळ खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खाली दिसतो. गढूळ पाण्यात तळ दिसतच नाही. दिसतो तो पृष्ठभाग, आणि पृष्ठभाग सपाट असतो. खालचा रस्ता मात्र सपाट नसतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधतात. सात मीटर रुंदीच्या रस्त्याला मध्यापासून दोन्ही बाजूंना अडीच टक्के उतार दिला, तर कड मध्यापेक्षा जवळपास ९ सेंटीमीटर खाली असते. पावसाळी गटारंही बहुधा कडेलाच असतात. म्हणजे वाहनांना घाबरून आपण ज्या कडेने चालतो, तिथेच पाणी जास्त आणि भोकंही जास्त.

हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न भाबडा वाटेल, पण आकडा मांडला की चित्र बदलतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस एक हेक्टर डांबर, काँक्रीट आणि छपरांवर पडला, तर त्यातला सुमारे ९० टक्के लगेच वाहू लागतो. हा प्रवाह होतो सेकंदाला १२५ लिटर, म्हणजे दर सेकंदाला मोठ्या बारा बादल्या. तेवढ्याच गवताळ जमिनीवरून, माती आधीच भिजून तुडुंब झालेली नसेल तर, यातला पाचवा हिस्साही धड वाहत नाही. पाऊस, जमिनीचा प्रकार आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून प्रवाह काढायची ही रीत आयर्लंडचा अभियंता थॉमस मुल्व्हानी याने १८५१ साली मांडली. गटारांचा आकार ठरवताना आजही तिचाच आधार घेतात. दीडशे वर्षांहून जुनं सूत्र अजून कामावर आहे, हे मला तरी कौतुकाचं वाटतं. बदलले ते सूत्रात घालायचे आकडे. हवा एका अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पावसाच्या मोठ्या सरी आणखी मोठ्या होण्याकडे कल आहे. आणि मोकळी जमीन तर कमी होतच चालली आहे.

आता गटाराकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. गोल नळाची वहनक्षमता त्याच्या व्यासाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी वेगाने वाढते. व्यास दुप्पट केला की, उतार तोच असला तरी, पाणी सहापटीहून जास्त जातं. हीच गोष्ट उलट्या दिशेने बोचते. नळ निम्मा गाळाने भरला, तर क्षमता निम्मी राहील असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास उरते. जागा निम्मी होतेच, शिवाय उरलेल्या पाण्याला गाळाच्या पृष्ठभागावरून घासत जावं लागतं आणि त्याचा वेग पडतो. वर गाळाचा पृष्ठभाग नळाइतका गुळगुळीत धरूनचा हा हिशोब आहे. त्यात विटांचे तुकडे आणि प्लास्टिक अडकलेलं असेल तर आणखी कमी. त्यामुळे नवे मोठे नळ टाकण्याच्या घोषणेपेक्षा जुने नळ वेळेवर साफ झाले का, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे, भले त्याची बातमी होत नसो.

किनाऱ्यावरच्या शहरांना आणखी एक अडचण असते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्याच्या मुखाच्या वर गेली की पाणी बाहेर जायचं राहिलं बाजूला, समुद्रच आत येऊ पाहतो. तो रोखायला मुखाशी झडपा लावतात. झडप मिटली की समुद्र बाहेर राहतो, पण पावसाचं पाणीही आत अडकतं आणि मग सगळा भार पंपांवर येतो. म्हणून अशा शहरात पाऊस किती पडणार यासोबत भरती किती वाजता आहे, हेही पाहून घराबाहेर पडावं.

एवढं करून पाण्यात उतरायची वेळ आलीच तर? खोलीइतकाच, कधी कधी तिच्याहून जास्त, वेग महत्त्वाचा. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट तर रेटा चौपट, तिप्पट तर नऊपट. गुडघाभर पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल तर दोन्ही पायांवर ढोबळमानाने सहा किलो वजनाइतका रेटा बसतो. तोच वेग सेकंदाला तीन मीटर झाला की रेटा पन्नास किलोच्या पुढे जातो. शिवाय बुडालेल्या भागाला पाणी वर उचलत असतं, म्हणजे जमिनीवर पाय रोवायला लागणारं वजनही कमी झालेलं असतं.

ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी माणसांवर केलेल्या चाचण्यांवरून यासाठी एक सोपा गुणाकार वापरात आणला आहे. खोली मीटरमध्ये, वेग सेकंदाला मीटरमध्ये. दोन्हींचा गुणाकार प्रौढ माणसासाठी ०.६ आणि मुलांसाठी ०.४ याच्या पुढे जाऊ नये. शिवाय वेग सेकंदाला तीन मीटर झाला तर पाणी कितीही उथळ असो, आत शिरू नये. आता गुडघ्याची उंची ४५ सेंटीमीटर धरा. प्रौढासाठी वेगाची मर्यादा येते सेकंदाला साधारण १.३ मीटर. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग जवळपास एवढाच असतो. म्हणजे हातात कोणतंही यंत्र नसताना काठावर उभं राहून करता येईल अशी एक परीक्षा मिळते: पाण्यावर तरंगणारं पान किंवा रिकामी बाटली हेरायची. ती तुमच्या चालण्याच्या वेगाने निघाली असेल, तर गुडघाभर पाणीसुद्धा तुमचं नाही. आणि मुलाला कडेवर घेतलं म्हणून त्याची मर्यादा वाढत नाही. तुमचा तोल मात्र बिघडतो.

पण ही परीक्षा मॅनहोलपुढे थिटी पडते. रस्त्याखालचा नळ भरून वाहू लागला की त्यातलं पाणी झाकणाला खालून ढकलतं. साठ सेंटीमीटर व्यासाच्या झाकणाखाली रस्त्याच्या वर फक्त २० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब तयार झाला, तरी वरच्या दिशेने छप्पन किलोचा जोर लागतो. जड लोखंडी झाकण सरकायला एवढं पुरतं. पुढे पाऊस ओसरतो, नळात जागा होते, पाणी उलट फिरून आत जाऊ लागतं, पण सरकलेलं झाकण आपल्या खोबणीत परत बसत नाही. अर्धा मीटर पाण्याखाली असं उघडं भोक असेल आणि खालचा नळ मोकळा असेल, तर भोकाच्या तोंडाशी पाणी सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेगाने आत खेचलं जातं. मघाशी सांगितलेली मर्यादा नेमकी हीच. वर भोवरा दिसेलच असं नाही. म्हणून लांब काठी किंवा मिटलेली छत्री पुढे टेकवत, एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा उचलत चालायचं. पाणी लवकर जावं म्हणून कोणी झाकण उचललं असेल तर त्याचा हेतू चांगला असेलही. पण त्या जागी खांब रोवलेला नसेल किंवा माणूस उभा नसेल तर तो एक सापळा आहे.

विजेचा धोका याहूनही अदृश्य. पाण्यात तुटलेली तार पडली किंवा दिव्याच्या खांबात गळती झाली, की त्या बिंदूपासून दूर जाताना विद्युतदाब हळूहळू उतरत जातो. तुमचे दोन पाय वेगवेगळ्या अंतरावर असतील तर त्यांच्यात दाबाचा फरक पडतो आणि एका पायातून दुसऱ्या पायात प्रवाह जातो. पाऊल जितकं लांब, फरक तितका मोठा. पायांत झिणझिण्या जाणवल्या तर पुढे न जाता, पाय जवळजवळ ठेवून, न उचलता घासत आल्या वाटेने मागे फिरायचं. तोल सावरायला खांब, लोखंडी कुंपण, विजेची पेटी यांना हात लावायचा मोह फार होतो, तोच टाळायचा. कोणी शॉक लागून पाण्यात पडला असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याच्याजवळ पाण्यात जाऊ नये; हे ऐकायला क्रूर वाटतं, पण मदतीला धावलेला माणूस दुसरा बळी ठरतो. घरात पाणी शिरताना दिसलं तर कोरडे आहात तोवरच मेन स्विच पाडा. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर चालूच असतो, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

गाडीत बसलेल्या माणसाला सुरक्षित वाटतं, आणि इथेच गणित सर्वांत उलटं जातं. एक टनाची छोटी गाडी घ्या. तिचा तळ साधारण सहा चौरस मीटरचा. पाणी तळाला लागल्यानंतर दर १० सेंटीमीटरला ते गाडीचं सहाशे किलो वजन उचलून धरतं. म्हणजे तळाच्या वर सोळा-सतरा सेंटीमीटर पाणी चढलं की गाडी तरंगायला लागते. तळ जमिनीपासून तेवढाच उंच असतो, तेव्हा एकूण खोली झाली जेमतेम एक फूट. पाणी फटींमधून आत शिरेपर्यंत ही गाडी म्हणजे वल्हं नसलेली होडी. मोठ्या, उंच गाड्यांना ही वेळ थोडी उशिरा येते, एवढाच फरक.

पाण्यातून जाताना अनेक जणांना काळजी असते सायलेन्सरची. खरी नाजूक जागा पुढे आहे, इंजिन जिथून हवा ओढतं तिथे. वेगाने शिरलं की गाडीपुढे लाट उठते आणि पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पोहोचतं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं म्हणजे किरकोळ दुरुस्तीचं काम इंजिन खोलण्यापर्यंत नेणं. गाडी ढकलून कोरड्यात आणावी आणि मेकॅनिकने पाहीपर्यंत चावी फिरवू नये.

पण पाणी चढत असेल तर गाडीचा विचारच सोडा. ९० सेंटीमीटर रुंदीच्या दाराबाहेर २५ सेंटीमीटर पाणी असेल तर दारावर एकूण जोर असतो २८ किलो वजनाइतका. पाणी ५० सेंटीमीटर झालं की तोच जोर ११० किलोच्या वर. खोली दुप्पट, जोर चौपट. विजेवर चालणाऱ्या काचाही भिजल्यावर कधी दगा देतील सांगता येत नाही. त्यामुळे क्रम असा: पट्टा सोडा, काच खाली करा, बाहेर पडा, फोन करणं नंतर. काच फोडावी लागलीच तर बाजूची, तीही कोपऱ्यात. पुढची काच फुटली तरी आतल्या प्लास्टिकच्या थरामुळे जागची हलत नाही.

दाराचं हे गणित तळघरालाही लागू आहे. चीनमधल्या चंगचौ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत पाणी शिरून १४ प्रवाशांचा जीव गेला. पाऊस जोरात असताना भुयारी मार्ग, तळघरातलं पार्किंग, खोलगट बोगदे या जागा टाळायच्या. गाडी वर काढायला खाली जाणं तर नकोच.

पाणी ओसरल्यावरचा एक धोका सवडीने येतो. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या बारीकशा जखमेतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतात. या आजाराच्या तीव्र रूपाचं वर्णन जर्मन डॉक्टर अडॉल्फ वाईल यांनी १८८६ मध्ये केलं होतं. लक्षणं दोन दिवसांपासून महिन्याभरात केव्हाही दिसू शकतात: ताप, लालसर डोळे, पोटऱ्यांमध्ये ठणका. डॉक्टरकडे गेल्यावर 'मी पाण्यातून चाललो होतो' हे आपण होऊन सांगावं. उपचार लवकर सुरू झाले तर प्रतिजैविकांचा चांगला उपयोग होतो.

शहरं यावर काय करतात? टोकियोजवळ जमिनीखाली ५० मीटरवर ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. त्याच्या शेवटी ५९ प्रचंड खांबांचं एक दालन आहे आणि तिथले पंप सेकंदाला २०० घनमीटर पाणी नदीत फेकू शकतात. थक्क करणारं काम आहे. मला मात्र रॉटरडॅममधला बेंथेमप्लाइन चौक जास्त आवडतो. कोरड्या दिवसात तिथे मुलं खोलगट मैदानात खेळतात. मोठा पाऊस आला की तेच मैदान टाकी बनतं आणि पाणी सावकाश सोडतं. पाण्याला थोडा वेळ थांबायला जागा दिली की गटाराला पुरून उरणारा लोंढा येतच नाही.

याहून कितीतरी स्वस्त उपाय आहे रंगाच्या डब्यात. भुयारी मार्गाच्या भिंतीवर आणि सखल चौकातल्या खांबावर दर १० सेंटीमीटरला एक ठळक खूण करून ३० सेंटीमीटरच्या वर लाल पट्टा ओढला, की काठावर थबकलेल्यांना पहिल्या बेधडक माणसाची वाट पाहावी लागत नाही. सोसायटीच्या फाटकाशी तर ही पट्टी या उन्हाळ्यातच रंगवता येईल. मात्र शून्य मोजायचं ते रस्त्याच्या सगळ्यात खोलगट जागेपासून, खांबाच्या बुंध्यापासून नव्हे.