कृत्रिम अश्रू

कोरड्या पडलेल्या डोळ्याला ओलावा आणि वंगण पुरवणारे थेंब. त्यांनी खुपणे, जळजळ कमी होते. कोरडेपणाचे मूळ कारण मात्र तसेच राहते. नैसर्गिक अश्रूंतील जंतूंशी लढणारी प्रथिने या थेंबांत नसतात.

मराठवाड्यात ‘डोळे कोरडे पडलेत’ अशी तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. ‘खडा गेल्यावाणी खुपायलंय’, ‘आग व्हायलीय’ किंवा ‘वाऱ्याला गेलं की पाणी यायलंय’ असे रुग्ण सांगतो. डोळ्यातून पाणी वाहत असताना डॉक्टरांनी कोरडेपणाचे औषध दिले की त्याला नवल वाटते. अश्रूंचा थर तीन घटकांनी बनतो: बुबुळाला चिकटून राहणारा श्लेष्म, मधले पाणी आणि वरचा तेलाचा पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येते. ते कमी पडले की पाणी लवकर उडून जाते, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरण्यानेच अश्रूंचा लोंढा येतो. तो लोंढा गालावर ओघळतो, डोळ्यावर टिकत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांवर जातो आणि हवा कोरडी असते. बाष्पीभवनाला याहून पोषक काळ नाही. तूर-हरभऱ्याच्या मळणीचा भुसा, जिनिंगमधली कापसाची तूस आणि मोटारसायकलवर तोंडावर येणारा वारा त्यात भर घालतात. मधुमेह, संधिवात, रजोनिवृत्ती, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि सर्दीच्या काही गोळ्या यांनीही कोरडेपणा वाढतो.

दुकानातल्या बाटल्या नावांनी अनेक असल्या तरी आतले घटक मोजकेच असतात. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज सर्वांत परिचित. ०.५ टक्क्यांचा थेंब पातळ असतो. १ टक्क्याचा जास्त वेळ टिकतो, पण काही क्षण धूसर दिसते. हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोजही याच कुळातले. सोडियम हायल्युरोनेट पापणी मिटताना पातळ होते आणि डोळा उघडा असताना दाट, म्हणून अनेकांना ते सुखावह वाटते. तेलाचा थर कमी असलेल्यांना स्निग्ध अंश असलेले थेंब देऊन पाहता येतात. जेल व मलम रात्रीसाठी ठीक. ते घालून लगेच गाडी चालवू नये.

यांतला सर्वांत चांगला कोणता? उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१६ साली ४३ चाचण्यांचा आढावा घेतला, पण एकच थेंब सरस ठरवण्याइतका भक्कम पुरावा तिला मिळाला नाही. तेव्हा महाग बाटली म्हणजे गुणकारी बाटली, असे समजण्याचे कारण नाही. नावापेक्षा परिरक्षक (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेले रसायन) पाहणे जास्त मोलाचे. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे साबणासारखे काम करणारे रसायन बाटलीत जंतू वाढू देत नाही, मात्र वारंवार डोळ्यात गेल्याने बुबुळावरच्या पेशींना इजा करते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षकाविना मिळणारे घ्यावेत.

एका वेळी एक थेंब पुरतो. दुसरा बाहेरच ओघळतो. दुसरे औषध घालायचे असल्यास पाच मिनिटे थांबावे. बाटलीचे टोक पापणीला लावू नये, एकच बाटली घरभर फिरवू नये. फोडलेली बाटली साधारण महिनाभरात टाकून द्यावी, वेष्टनावर त्याहून कमी मुदत असेल तर ती पाळावी. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ती माठाजवळच्या सावलीच्या, गार जागी ठेवणे बरे. निर्जंतुकपणा किती महत्त्वाचा असतो ते २०२३ साली अमेरिकेत दिसले: दूषित कृत्रिम अश्रूंमुळे अनेकांना औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंची लागण झाली, काहींची दृष्टी गेली.

सर्वांत मोठा धोका मात्र चुकीच्या बाटलीचा आहे. ‘डोळे आलेत, थेंब द्या’ म्हटल्यावर मेडिकलमधून कधी स्टेरॉइड मिसळलेले थेंब हाती पडतात. त्यांनी लाली झटपट उतरते, म्हणून तीच बाटली पुन्हा आणली जाते. महिनोन्‌महिने वापरल्यास काचबिंदू वा मोतीबिंदू होऊ शकतो. लाली घालवणारे इतर थेंबही सतत वापरल्यास ती उलट वाढते. मळणीत कुसळ लागून डोळा दुखू लागला, उजेड सोसेना, नजर अंधुक झाली, तर ते बुबुळाच्या जखमेचे लक्षण असू शकते. तेथे कृत्रिम अश्रूंवर वेळ न घालवता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.