पाणी एकदाच की पुन्हा? खान्देशातील मंडळ्यांमधल्या बाप्तिस्म्याच्या वादाची पार्श्वभूमी

खान्देशात तीन-चार वळणांच्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) शेजारी-शेजारी नांदतात, आणि त्यांच्यातला सर्वांत चिवट वाद पाण्याचा, म्हणजे मंडळीत प्रवेश देणाऱ्या बाप्तिस्म्याच्या विधीचा आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात कॅथलिक किंवा अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात. पाचोरा-चाळीसगावापासून नवापूर-तळोद्यापर्यंतच्या बहुतेक मंडळ्यांत बाळाचे फक्त समर्पण होते, म्हणजे प्रार्थना करून ते देवाच्या हाती सोपवतात. बाप्तिस्मा ते मोठे होऊन स्वतः कबुली देईल तेव्हा, आणि तोही पूर्ण बुडवून. पाप, कृपा, तारण यांवरचे उपदेश दोन्हीकडे ऐकले तर फारसा फरक सापडत नाही. फरक आहे तो एका प्रश्नावर: मूल जन्माला येताना दोष घेऊन येते का?

सुरुवातीच्या काळात याचे एकच उत्तर नव्हते. पहिल्या-दुसऱ्या शतकातली एक छोटी ग्रीक नियमपुस्तिका वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यायला सांगते. वाहते नसेल तर साठलेले, गार नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतलेले चालेल. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा, असेही ती सांगते. म्हणजे डोळ्यांपुढे मोठे माणूस आहे. मुलांचा उल्लेखच नाही. सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमधला एक लेखक मुलांना थांबवा म्हणतो: ज्या वयाने अजून पाप केले नाही त्याला क्षमेची घाई कशाला? त्याच कार्थेजमध्ये सुमारे २५३ साली ६६ बिशपांची परिषद उलट निर्णय देते की जन्मानंतर आठ दिवससुद्धा थांबू नका. तिने दिलेले कारण महत्त्वाचे आहे. बाळाला जी क्षमा मिळते ती त्याच्या स्वतःच्या पापांची नसते, आदामाकडून आलेल्या दोषाची असते. पन्नास वर्षांत त्याच शहराने दोन टोके गाठली, आणि आज नंदुरबारच्या एखाद्या पाळकांच्या (पास्टरांच्या) सभेत जे दोन पक्ष पडतात ते जवळजवळ याच शब्दांत पडतात.

४१८ साली कार्थेजच्याच आणखी एका परिषदेने दुसऱ्या पक्षावर शिक्कामोर्तब केले. त्यामागचा मुख्य विचारवंत आई ख्रिस्ती असूनही बत्तीस वर्षांचा झाल्यावर, ३८७ मध्ये, मिलानला बाप्तिस्मा घेतलेला होता. त्याचा युक्तिवाद आधी प्रथा आणि मग सिद्धांत असा चालतो: मंडळी बाळांना पापक्षमेचा बाप्तिस्मा देतेच आहे, तेव्हा बाळांत पाप असलेच पाहिजे. वाईट म्हणजे स्वतंत्र वस्तू नव्हे, ती चांगल्याची उणीव, हे त्याचे दुसरे सूत्र पुढे बहुतेकांनी उचलले. पण मूळपापाचा दोष वारशाने येतो हे पूर्वेकडच्या मंडळ्यांनी कधी तसे मानले नाही. त्यांच्या मते आदामाकडून मरण येते, अपराध येत नाही. तरीही या मंडळ्या बाळाला बाप्तिस्मा देतात, तीनदा बुडवून. म्हणून ‘बाळाचा बाप्तिस्मा मानला म्हणजे मूळपाप मानलेच’ हे आपल्याकडे सर्रास केले जाणारे विधान बरोबर नाही.

मधली हजार वर्षे इथे सोडून देतो. या वादाला आजचे रूप आले ते २१ जानेवारी १५२५ ला, झुरिकमधल्या एका घरात. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या काहींनी तो पोकळ मानून पुन्हा घेतला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या एकाला लिम्मत नदीत बुडवून मारण्यात आले, आणि मारणारे प्रोटेस्टंट धर्मसुधारकच होते. देवापुढे नीतिमान ठरणे कृपेने की कृतीने, या धर्मसुधारणेच्या मोठ्या भांडणावर १९९९ मध्ये ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिक यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पाण्याबद्दल तसा कागद अजून झालेला नाही.

खान्देशात हा वाद मिशनऱ्यांच्या सामानाबरोबर आला. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्याच्या आगेमागे पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन वळणाची मिशने आणि पूर्वेकडे, रेल्वेच्या काठाने, एक अमेरिकन मिशन रुजत होते. पश्चिमेकडच्या मिशनऱ्यांपैकी बरेच जण अशा घराण्यांतले होते ज्यांनी स्वीडनच्या सरकारी मंडळीत बाळपणी बाप्तिस्मा घेतला होता आणि पुढे स्वतंत्र सभांमध्ये विश्वासाची कबुली हीच खरी सुरुवात मानायला शिकले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्वीडनमध्ये, बाळाचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या बाप्टिस्टांच्या मुलांना सरकारी पाळकाकडून जबरदस्तीने बाप्तिस्मा दिल्याची प्रकरणे घडली होती. बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दलची इथली अढी तिथून आली आहे, सातपुड्यातून नव्हे. कॅथलिक बाजूला खान्देश १९८७ पासून नाशिकला केंद्र असलेल्या धर्मप्रांतात येतो. त्याआधी तो पुण्याखाली होता.

सातपुड्यातला खरा प्रश्न वेगळाच होता. भिल्ल, मावची, कोकणा वस्त्यांत वाईट म्हणजे वारशाने आलेला दोष नसतो. वाईट बाहेरून येते: भूत, नजर, डाकीण, कोपलेला देव. भगत ते शोधतो आणि बोकड-कोंबड्याने शांत करतो. इथे तारण म्हणजे आधी भीतीतून सुटका. अपराधाची क्षमा हा विषय नंतर येतो. चौथ्या शतकात यरुशलेमेत बाप्तिस्मा घेणारे पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारत आणि मग पूर्वेकडे वळत. ती जुनी मांडणी या भागाला अपराध-क्षमेच्या मांडणीपेक्षा कितीतरी जवळची आहे. मिशनच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांनी तिला फार जागा दिली नाही आणि ती पोकळी पुढे, साधारण १९९० नंतर, रोगमुक्तीच्या प्रार्थनेवर भर देणाऱ्या नव्या मंडळ्यांनी भरली. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे, आणि कुणाला डाकीण ठरवून त्रास देणे हाही. निव्वळ प्रार्थना त्यात येत नाही, पण रुग्णाचे औषध थांबवले तर पाळक अडचणीत सापडू शकतो.

आता मुख्य गुंता. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन त्यांची एकच मंडळी, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. त्यांत बाळाला बाप्तिस्मा देणारे होते, फक्त विश्वास कबूल करणाऱ्याला देणारेही होते. तोडगा असा निघाला: दोन्ही मार्ग समान. पहिला मार्ग म्हणजे बाळपणी बाप्तिस्मा आणि समज आल्यावर दृढीकरण, म्हणजे स्वतः कबुली देण्याचा विधी. दुसरा म्हणजे बाळपणी समर्पण आणि समज आल्यावर बाप्तिस्मा. कुठलाही घ्या, शेवटी पाणी आणि कबुली दोन्ही होतात, फक्त क्रम बदलतो. कागदावर हे इतके नेटके आहे की वाद संपलाच वाटावा. अडले ते एका तिसऱ्या माणसापाशी: ज्याला बाळपणी बाप्तिस्मा मिळालेला आहे आणि पंचविसाव्या वर्षी ज्याचे मन सांगते की तो आपला नव्हताच. त्याला पुन्हा पाण्यात घ्यायचे का?

घेतले, तर पहिल्या मार्गाला समान म्हणण्यात अर्थ उरत नाही. कालपर्यंत ज्याला प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) दिले त्याला तुम्ही बाप्तिस्मा न झालेला ठरवता. न घेतले, तर तो माणूस शेजारच्या मंडळीत जातो, जिथे रविवारी दुपारी बाप्तिस्म्याचा हौद भरलेलाच असतो. १९८२ ला पेरूतल्या लिमा इथे अनेक परंपरांच्या धर्मपंडितांनी मिळून केलेल्या मसुद्यात पुनर्बाप्तिस्मा वाटेल असे काहीही टाळा, असे स्पष्ट म्हटले आहे. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की आम्ही पुन्हा देतच नाही, कारण पहिला झालाच नव्हता. या युक्तिवादात खोट काढणे कठीण आहे, पण तो मान्य केला की शेजारच्या मंडळीतले जवळजवळ सगळे बाप्तिस्म्याविना ठरतात. याची जाणीव तो मांडणाऱ्यांना अनेकदा नसते.

कॅथलिक नियम इथे सर्वांत सुटसुटीत आहे. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे शब्द असले की बाप्तिस्मा झाला, मग तो कुणीही दिलेला असो. जीव धोक्यात असेल तर दवाखान्यातली बिगर-ख्रिस्ती परिचारिकाही देऊ शकते. हेतू मंडळीचा असला म्हणजे पुरे. खात्री नसेल तर ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ अशी अट घालून देतात. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांचे काय, हा जुना टोचणारा प्रश्नही २००७ मध्ये रोमच्या एका अभ्यासमंडळाने मवाळ केला: त्यांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे. नव्या मंडळ्यांपैकी काही फक्त ‘येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देतात. तो मात्र कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या धरत नाहीत. नवापूर पट्ट्यात त्यामुळे एकाच घरात तीन प्रकारचे बाप्तिस्मे सापडू शकतात.

विधीचा तपशीलही वादात भर घालतो. बुडवण्यासाठी कमरेपर्यंत, साधारण तीन फूट पाणी लागते. दोन फुटांत डोके तळाला लागते, छातीपर्यंत असले तर माणूस तरंगतो आणि पाळकाचा तोल जातो. आठ फूट बाय पाच फूट हौदात तीन फूट पाणी म्हणजे सुमारे ३,४०० लिटर. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे एवढे पाणी टँकरशिवाय जमत नाही, म्हणून बाप्तिस्मे पावसाळ्यानंतर किंवा नाताळाच्या आसपास ठेवतात. पाळक बाजूला उभा राहतो, एक हात पाठीमागे मानेखाली आणि दुसरा घेणाऱ्याने छातीशी आणलेल्या हातांवर. घेणारा स्वतःचे नाक धरतो, गुडघे थोडे वाकवतो आणि मागे झुकतो. माणूस ताठ राहिला तर पाय उचलले जातात आणि तोंड वरच राहते. मग ‘पूर्ण बुडाला नाही’ म्हणून दुसऱ्यांदा बुडवायचे का, यावरही वाद होतात. नदीत डोके प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवायचे, म्हणजे पाणी नाकात घुसत नाही. वाळू उपशाने गिरणा-तापीच्या पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. आदल्या दिवशी काठीने तळ चाचपल्याशिवाय मंडळी नदीवर नेऊ नये. पांढरे कपडे भिजले की अंग दिसते, साडी तरंगते; बायकांसाठी गडद रंगाचा जाड झगा किंवा सलवार-कमीज बरा.

बाळाच्या बाजूला अँग्लिकन जुन्या नियमानुसार मुलासाठी दोन धर्मबाप आणि एक धर्ममाता, मुलीसाठी उलट. कबुली तेच देतात. विरोधकांचा सगळा आक्षेप या उसन्या कबुलीवर आहे. बाजू घेऊनच सांगायचे तर आक्षेप बाप्तिस्म्यावर घेण्यापेक्षा दृढीकरणाच्या वर्गांवर घेतला पाहिजे. ते वर्ग तीन-चार रविवारांत उरकतात आणि मग पंचविशीतला तरुण आपला बाप्तिस्मा पोकळ म्हणतो, यात नवल काय?

शिवाय या पाण्याला कायद्याचे वजन आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. म्हणून नंदुरबारच्या मावची ख्रिस्ती कुटुंबाचा जमातीचा दाखला टिकतो. तो काढून घ्यावा ही मागणी अलीकडे होते, पण तूर्त कायदा तसा नाही. जळगावातल्या मांग किंवा चांभार घराण्यातल्या विश्वासणाऱ्यासाठी मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली एक ओळ शिष्यवृत्ती आणि नोकरीवर परिणाम करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिचा तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा त्यात पुराव्यांपैकी एक होता. बाळाच्या वतीने आईबापांनी दिलेली कबुली बंधनकारक आहे का, या धर्मशास्त्रातल्या प्रश्नाशी न्यायालयाला देणेघेणे नव्हते. त्याने नोंदवही आणि पुढचे आचरण पाहिले. काही कुटुंबे आता बाप्तिस्माच पुढे ढकलतात, सभेला येतात, समर्पण करतात, पण नाव वहीत नको म्हणतात. त्यांना बाप्तिस्म्याविना प्रभुभोजन द्यायचे का, हा खान्देशातल्या पाळकांपुढचा नवा पेच आहे.

लग्नाच्या वेळी हे सगळे पुन्हा वर येते. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा बाप्तिस्मा मागत नाही. ख्रिस्ती धर्म मानणारा असणे पुरे, आणि दोघांपैकी एक तसा असला तरी चालते. दाखला मंडळी मागते. त्यावर कुठली तारीख घालायची, बाळपणाची की हौदातली, हे दोन्हीकडच्या पाळकांनी चर्चमध्ये लग्नाच्या सूचना वाचण्यापूर्वी एकमेकांशी बोलून ठरवावे. कॅथलिक वहीत दृढीकरण आणि लग्न बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीच्या समासात लिहितात, त्यामुळे तिथे तारीख एकच राहते. इतरत्र दोन वह्या, दोन तारखा आणि एकच माणूस असे निघाले की वधूपक्षाचा पाळक लग्न थांबवतो, आणि बहुतेकदा हे पत्रिका छापून झाल्यावर लक्षात येते.