उमेदवार कोण ठरवतं? अमेरिकेतल्या प्रायमरीची पार्श्वभूमी

अमेरिकेत एबी फॉर्म नसतो. डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षाला एखाद्या मतदारसंघात मर्जीतला माणूस उभा करावासा वाटला, तरी नुसतं पत्र देऊन ते जमत नाही. इच्छुक माणूस ठरावीक सह्या गोळा करतो किंवा शुल्क भरतो, पक्षाच्या मतपत्रिकेवर नाव लावून घेतो, आणि नोव्हेंबरच्या लढतीत पक्षाचा उमेदवार कोण असेल हे सामान्य मतदार मत टाकून ठरवतात. हीच प्रायमरी. 2018 साली न्यूयॉर्कमध्ये 28 वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझ यांनी याच वाटेने जो क्राउली यांना घरी बसवलं. क्राउली 10 वेळा निवडून आलेले खासदार होते आणि क्वीन्समधली पक्षयंत्रणा त्यांच्या हातात होती. 2016 साली डोनाल्ड ट्रम्प यांना रिपब्लिकन पक्षातल्या बहुतेक ज्येष्ठांचा विरोध होता. तरी ते उमेदवार झाले आणि अध्यक्षही.

अमेरिकन राजकारणाच्या बातम्या वाचताना हा भाग आपण गृहीत धरतो आणि नजर थेट अंतिम लढतीकडे नेतो. माझ्या मते या देशातला सगळ्यात कडवा आणि सगळ्यात कमी सांगितला गेलेला लढा अंतिम निवडणुकीच्या आधीच्या पायरीवर झाला आहे. मतपत्रिकेवर नावं कोणी लावायची, हा तो लढा.

1787 च्या घटनेत पक्षांचा उल्लेख नाही, मग उमेदवार निवडण्याची पद्धत कुठून असणार? सुरुवातीची सुमारे 25 वर्षं काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकन संसदेतले, खासदार पक्षवार एकत्र बसून अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवत. 1824 साली अशा बैठकीला जेमतेम 66 जण आले आणि त्यांनी विल्यम क्रॉफर्ड यांचं नाव जाहीर केलं. बाकीच्यांनी ते जुमानलं नाही. अँड्र्यू जॅक्सन, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स आणि हेन्री क्ले आपापल्या बळावर उभे राहिले. कोणालाच बहुमत मिळालं नाही, निवड काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात गेली, आणि सर्वाधिक मतं मिळवलेल्या जॅक्सन यांना डावलून अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले. जॅक्सन यांच्या माणसांनी पुढची 4 वर्षं हा अन्याय लोकांसमोर मांडला आणि 1828 साली सत्ता घेतली. खासदारांच्या बंद बैठकीची पद्धत तिथेच संपली.

तिच्या जागी पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन आलं. पहिलं अधिवेशन सप्टेंबर 1831 मध्ये बाल्टिमोरला भरलं. ते अँटी-मेसॉनिक नावाच्या एका छोट्या पक्षाचं होतं. पुढच्या वर्षी डेमोक्रॅट त्याच शहरात जमले. राज्याराज्यांतून प्रतिनिधी यायचे, फेऱ्यांमागून फेऱ्या व्हायच्या. 1860 साली शिकागोत लिंकन तिसऱ्या फेरीत निवडले गेले. 1924 साली न्यूयॉर्कला डेमोक्रॅटांना 103 फेऱ्या लागल्या, आणि शेवटी निवडलेले जॉन डेव्हिस निवडणुकीत सपशेल हरले.

पण अधिवेशनात हात वर करणारे हे प्रतिनिधी कोणी निवडलेले असायचे? इथे शहरांतली पक्षयंत्रणा येते. न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटांचं टॅमनी हॉल हे तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. बोटीतून उतरलेल्या आयरिश कुटुंबाला नागरिकत्वाचे कागद करून देणं, थंडीत कोळसा पोचवणं, पोराला नोकरीला चिकटवणं ही कामं वॉर्डातला कार्यकर्ता करायचा. सरकार जिथे पोचत नव्हतं तिथे हा माणूस पोचत होता, आणि त्याचं ते काम खरं होतं, हे मान्य करायला हवं. त्याची किंमत मतांत वसूल व्हायची. कोणाला उभं करायचं हे वरचे ठरवायचे. मतदान कोणी का करेना, उमेदवार मी ठरवणार, असं एक वाक्य टॅमनीचे विल्यम ट्वीड यांच्या नावावर सांगितलं जातं. ते त्यांचं असो वा नसो, कारभार त्याच सूत्रावर चालायचा.

हे सूत्र मोडायचा पहिला मोठा प्रयत्न विस्कॉन्सिनमध्ये झाला. रॉबर्ट ला फॉलेट यांना रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनांत पुन्हा पुन्हा डावललं गेलं होतं. 1901 साली ते गव्हर्नर झाले आणि उमेदवार थेट मतदारांनी निवडावेत असा कायदा त्यांनी लावून धरला. 1903 साली तो विधिमंडळात आणि 1904 साली सार्वमतात मंजूर झाला. ही लाट देशभर पसरली. 1912 साली रिपब्लिकन माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच पक्षाचे अध्यक्ष विल्यम टॅफ्ट यांच्याविरुद्ध बहुतेक प्रायमरी जिंकल्या, अगदी टॅफ्ट यांच्या ओहायोतसुद्धा. पण निम्म्याहून कितीतरी अधिक राज्यांत प्रायमरी नव्हतीच. शिकागोच्या अधिवेशनात पक्षयंत्रणेने टॅफ्ट यांनाच उमेदवारी दिली. रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून लढले, रिपब्लिकन मतं फुटली आणि वुड्रो विल्सन निवडून आले. त्यानंतर निम्मं शतक अध्यक्षपदासाठीच्या प्रायमरी शोभेपुरत्या उरल्या.

प्रायमरीचा इतिहास सांगताना दक्षिणेतला भाग बरेचजण गाळतात. तो गाळला तर पुढचं काहीच कळत नाही. टेक्सास, मिसिसिपी, अलाबामा या राज्यांत त्या काळी एकच पक्ष निवडून यायचा, डेमोक्रॅटिक. म्हणजे प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा. आणि त्या प्रायमरीत फक्त गोऱ्यांनी मत द्यायचं असा नियम होता. टेक्सासने 1923 साली तसा कायदाच केला. एल पासोचे कृष्णवर्णीय डॉक्टर लॉरेन्स निक्सन कोर्टात गेले आणि 1927 साली जिंकले. तेव्हा राज्याने युक्ती बदलली. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कोणाला सदस्य करायचं हा तिचा प्रश्न, असा पवित्रा घेतला. 1935 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांचा खटला नागरी हक्कांचे वकील थरगुड मार्शल यांनी लढवला, तेव्हा 1944 साली न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी हा प्रकार बंद केला. निवडणुकीची खरी पायरी जिथे आहे तिथे नागरिकाला अडवणं म्हणजे त्याचा मताधिकारच काढून घेणं, हे मान्य व्हायला 20 वर्षं लागली.

कायदा बदलला तरी मिसिसिपी बदललं नाही. तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मतदानास पात्र असलेल्या 100 कृष्णवर्णीयांपैकी 7 जणांचीही नावं यादीत नव्हती. रूलव्हिल गावच्या फॅनी लू हेमर 20 भावंडांतल्या धाकट्या. कापसाच्या मळ्यावर त्यांनी 18 वर्षं काम केलं, वेचणी केली, मजुरांच्या वेळा आणि हिशेब लिहिले. ऑगस्ट 1962 मध्ये इतरांसोबत बसने तालुक्याच्या गावी, इंडियनोलाला, त्या नाव नोंदवायला गेल्या. नोंदणीसाठीच्या साक्षरता परीक्षेत त्यांना नापास केलं. घरी पोचल्या तर मळ्याचा मालक दारात हजर. अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. त्या त्याच रात्री निघाल्या. जून 1963 मध्ये विनोनाच्या तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांकडून हेमर यांना मारहाण करवली. त्या मारहाणीने त्यांचं मूत्रपिंड कायमचं दुखावलं.

1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत पक्षाच्या गावपातळीवरच्या बैठका होत्या. प्रतिनिधी निवडायची पहिली पायरी हीच. कृष्णवर्णीय कार्यकर्ते तिथे गेले, तर कुठे दार बंद, कुठे बैठकच झालेली नाही. मग त्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी उभी केली. पक्षाचेच नियम पाळून स्वतःच्या बैठका घेतल्या, 68 जणांची तुकडी निवडली आणि ती अटलांटिक सिटीच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन पोचली. मागणी साधी होती. राज्याची सगळी गोरी तुकडी बेकायदा निवडलेली आहे, त्या जागा आम्हाला द्या.

22 ऑगस्टला हेमर प्रतिनिधींची पात्रता तपासणाऱ्या समितीपुढे बोलायला बसल्या. आधी नाव, पत्ता. मग इंडियनोला, मग मळा, मग विनोनाचा तुरुंग. हातात कागद नव्हता. कॅमेरे चालू होते. त्यांची साक्ष घराघरांत दिसू नये म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमधून त्याच वेळी कॅमेऱ्यांपुढे बोलायला सुरुवात केली आणि वाहिन्यांनी तिकडे प्रक्षेपण वळवलं. त्याने काही साधलं नाही. संध्याकाळच्या बातम्यांत हेमर यांची साक्ष देशाने पाहिली. पक्षाच्या नेत्यांनी तडजोड म्हणून 2 जागा देऊ केल्या, आणि त्या कोणाला द्यायच्या तेही स्वतःच ठरवलं. एवढ्या लांबून आम्ही दोन जागांसाठी आलो नाही, असं सांगून हेमर यांनी ती धुडकावली. मोठमोठे नेते त्यांना मान्य करा म्हणून विनवत होते. त्या बधल्या नाहीत. सत्तेच्या दारात उभं राहून दिलेला इतका स्वच्छ नकार अमेरिकन राजकारणात मला दुसरा आठवत नाही. गोऱ्या तुकडीतले बहुतेकजणही निघून गेले, आणि नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीने 87 टक्के मतं रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांना दिली.

हेमर हरल्या, पण पक्षाला एक आश्वासन द्यावं लागलं. यापुढे वर्णभेद करून निवडलेली तुकडी अधिवेशनात बसणार नाही. राष्ट्रीय पक्ष राज्यांच्या निवडपद्धतीत हात घालू शकतो, हे तत्त्व तिथे रुजलं. 4 वर्षांनी शिकागोत मिसिसिपीची मिश्र तुकडी बसली आणि हेमर आत आल्या तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं.

त्याच शिकागोत जुनी व्यवस्था कोसळली. 1968 चं वर्ष सगळ्यांना ठाऊक आहे. मार्चमध्ये न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे युजीन मॅकार्थी यांनी 42 टक्के मतं घेतली, महिनाअखेर जॉन्सन यांनी माघार घेतली, आणि जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकलेल्या रात्री रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. उमेदवारी मात्र उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना मिळाली. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर महापौर रिचर्ड डेली यांचे पोलीस आंदोलकांना बडवत होते. गोंधळातच अधिवेशनाने निवडपद्धती सुधारण्याचा ठराव केला. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि त्यांच्यानंतर खासदार डोनाल्ड फ्रेझर यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा दिसलं की 1968 चे कितीतरी प्रतिनिधी ते वर्ष उजाडायच्या आधीच ठरले होते, आणि अनेक राज्यांत निवडीचे धड लेखी नियमही नव्हते.

नवे नियम आले. बैठका जाहीर करून, सगळ्यांसाठी खुल्या घ्यायच्या, स्त्रिया, तरुण आणि अल्पसंख्याकांना वाजवी वाटा द्यायचा. हे सगळं बैठकांत सांभाळण्यापेक्षा सरळ प्रायमरी घेणं राज्यांना सोपं वाटलं. राज्यांचे कायदे बदलले तसे रिपब्लिकनही त्याच वाटेला लागले. डेमोक्रॅटांच्या अधिवेशनातल्या स्त्रियांचं प्रमाण 1968 मध्ये सुमारे 13 टक्के होतं, ते 1972 मध्ये 40 च्या आसपास गेलं. त्याच अधिवेशनातून खुद्द डेली यांच्या तुकडीला नियम मोडला म्हणून बाहेर काढलं. त्याच वर्षी पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार शर्ली चिशम अध्यक्षपदाच्या प्रायमरीत उतरल्या. पक्षश्रेष्ठींच्या बंद खोलीत त्यांचं नाव निघण्याची काही शक्यता नव्हती.

मॅकगव्हर्न त्या वर्षी 49 राज्यांत हरले. पक्षाची सूत्रं हौशी लोकांच्या हाती गेली, अशी तक्रार सुरू झाली आणि 1984 पासून डेमोक्रॅटांनी नेत्यांना अधिवेशनात पदसिद्ध मताधिकार दिला. 2016 साली या मताधिकारावरून वाद झाला आणि 2018 मध्ये तो पहिल्या फेरीपुरता काढून घेतला. ज्येष्ठांची ही तक्रार मी समजू शकतो. ट्रम्प यांच्या उदयानंतर ती अनेक अभ्यासकही करतात. पण पक्षश्रेष्ठींनी जी चाळणी लावली होती, त्या चाळणीतून हेमर यांच्यासारख्यांना एकदाही आत येता आलं नाही, हे त्या चर्चेत क्वचितच येतं.

मराठी वाचकांना या पद्धतीचं एक जवळचं उदाहरण आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 1979 साली अमेरिकेला गेले. 2018 मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. ऑगस्ट 2022 मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात 9 जणांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे 28 टक्के मतांवर ते जिंकले, आणि सुरक्षित जागा असल्याने खासदार झाले. पक्षात मुळं नसलेल्या स्थलांतरिताला हे दार उघडं मिळालं. दुसरी बाजूही आहे. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या त्या शहराची मतं अनेक उमेदवारांत विभागली गेली, आणि जवळपास 70 वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटमधून एकही कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक खासदार उरला नाही.

सध्याचा वाद याच जागेवर आहे. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे निकाल प्रायमरीतच लागतो, आणि प्रायमरीला मतदार फार थोडे येतात. काही राज्यांत तर पक्षाकडे नाव न नोंदवलेल्यांना तिथे मतच देता येत नाही. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये सगळ्या पक्षांची एकत्र प्रायमरी घेऊन पहिल्या दोघांत लढत लावण्याचं ठरवलं. अलास्काने 2020 मध्ये पहिल्या चौघांना पुढे नेऊन पसंतीक्रमाने मतदान घ्यायचं ठरवलं. नोव्हेंबर 2024 मध्ये नेवाडा, आयडाहो आणि कोलोरॅडोच्या मतदारांनी तशाच सुधारणा नाकारल्या. त्याच दिवशी अलास्कात नवी पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानाला होता. तो हजाराहून कमी मतांनी पडला.