हुतात्मा जवान स्मरण (कोल्हापूर जिल्हा)

युद्धात किंवा सीमेवर कामी आलेल्या सैनिकांना राष्ट्रीय स्मरणदिनी वाहिली जाणारी सार्वजनिक श्रद्धांजली. भारतात यासाठी एकच दिवस ठरलेला नाही. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता पाळले जाणारे दोन मिनिटांचे मौन स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांसाठी असते. सैनिकांच्या स्मरणाचे मुख्य दिवस दोन: कारगिल विजय दिन (२६ जुलै, १९९९च्या युद्धाचा) आणि विजय दिन (१६ डिसेंबर, १९७१च्या युद्धाचा).

कोल्हापूर संस्थानाचे सैन्य स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत विलीन झाले. या रेजिमेंटचे केंद्र शेजारच्या बेळगावात आहे. शिरोळ तालुक्यातील टाकळी गाव तर ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखले जाते.

लढून पडलेल्याचा दगड उभा करण्याची चाल इथे जुनी आहे. करवीर तालुक्यातील बीड गावचे वीरगळ प्रसिद्ध आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत वीराची झुंज व मृत्यू, त्यावर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती तोवर टिकावी. वीराचे नाव मात्र बहुतेक वीरगळांवर नसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवरही फक्त आकडे होते: गावातून किती गेले, किती मेले. आजच्या स्मारकाने ही उणीव भरून काढली, आणि तीच त्याची मोठी गोष्ट आहे. गावच्या चौथऱ्यावर जवानाचे नाव, हुद्दा, पलटण आणि तारीख कोरलेली असते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात (२०१९) त्यागचक्रावर, म्हणजे तिथल्या वर्तुळाकार भिंतींवर, प्रत्येक हुतात्म्याच्या नावाची वेगळी शिळा आहे.

२६ जुलै ऐन पावसाळ्यात येतो. पश्चिमेकडच्या तालुक्यांत तेव्हा भाताच्या लावणीची घाई असते, तरी स्मारकावर माणसे जमतात. पुष्पचक्र वाहतात, मौन पाळतात, ‘अमर रहे’च्या घोषणा देतात. पदके लावून आलेले माजी सैनिक सलामी देतात. वीरमाता, वीरपत्नींचा सत्कार होतो. भाषणे लांबली की त्यांना ताटकळत बसावे लागते. ते टाळायला हवे. जवानाची पुण्यतिथी गाव वेगळी पाळते आणि घरच्यांना तोच दिवस मोठा असतो.

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला (१९४९पासून) निधी गोळा होतो. जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहते. युद्धविधवा, अपंग जवान आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांना त्यातून मदत मिळते.