चोरलं काय, लुटलं कोणाला: तीन इंग्रजी क्रियापदांची पार्श्वभूमी

परभणीच्या बसस्थानकावर मोबाईल गेलेल्या एका मुलानं तक्रारीचा अर्ज इंग्रजीत लिहायला घेतला. आधी लिहिलं, ‘माय मोबाईल वॉज रॉब्ड’. ते खोडून वर लिहिलं, ‘आय वॉज स्टोलन’. अर्ज तपासायला माझ्याकडे आला तेव्हा दोन्ही वाक्यं कागदावर दिसत होती. चूक दोन्हीकडे होती, पण उलट्या दिशांनी. इंग्रजीत ‘स्टील’ होते ती वस्तू, आणि ‘रॉब’ होतो तो माणूस, दुकान किंवा बँक. मुलाच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मुलालाच कुणी चोरून नेलं असा होतो.

मुलगा कच्चा होता म्हणून हे झालं, असं मी मानत नाही. आपलं ‘लुटणे’ दोन्ही कामं करतं: प्रवाशाला लुटलं, तसे पैसेही लुटले. ‘लुबाडणे’ माणसाकडे झुकतं, ‘लंपास करणे’ वस्तूकडे. आणि बोलताना आपण बहुतेक वेळा ‘चोरीला गेला’ म्हणतो. मोबाईल जणू आपल्या पायांनी गेला, नेणारा वाक्यात नाहीच. या सवयी घेऊन मूल इंग्रजीत शिरतं आणि अडखळतं.

शब्दांचा जुना इतिहास थोडक्यात असा. ‘स्टील’ अस्सल जुन्या इंग्रजीतला, गुपचूपपणासाठीच्या ‘स्टेल्थ’चा सख्खा भाऊ. ‘रॉब’ जुन्या फ्रेंचमधून आला, पण मूळ जर्मानिक. ‘रोब’ म्हणजे झगा हा शब्दही त्याच कुळातला, कारण लुटीत हाती लागलेले कपडे हाच त्याचा पहिला अर्थ. मराठीत एखाद्याला धुऊन काढलं की आपण ‘नागवला’ म्हणतो, म्हणजे उघडा केला. दोन्ही भाषांत लुटीची खूण अंगावरच्या कपड्यांवर उमटली आहे. ‘बिरीव्ह’ही ‘रॉब’च्याच मुळाचा. आज तो मुख्यतः मृत्यूच्या दुःखासाठी उरला आहे. इंग्रजीतला ‘लूट’ तर आपल्याकडूनच गेला.

मराठवाड्यात हे शब्द वर्गातून येण्याआधी कायद्यातून आले, आणि तेही वळसा घेऊन. ब्रिटिश मुलखात 1860 ची दंडसंहिता 1862 पासून लागू होती. निजामाच्या राज्यात मात्र कायदा वेगळा आणि कचेरीची भाषा उर्दू. उर्दू कायद्यात चोरीला ‘सरका’ आणि बळजबरीच्या चोरीला ‘सरका-बिल-जब्र’ म्हणतात. आपल्या ठाण्यातली ‘जबरी चोरी’ शेजारी ठेवली की दोन्हींत जबर तोच. सप्टेंबर 1948 मध्ये राज्य भारतात आलं आणि 1951 मध्ये इथंही तीच दंडसंहिता लागू झाली. तेव्हापासून ‘थेफ्ट’ म्हणजे चोरी, ‘रॉबरी’ म्हणजे जबरी चोरी आणि पाच किंवा अधिक जण असले तर ‘डकॉयटी’ म्हणजे दरोडा. माझ्या अनुभवात पोलीस पाटलाला हा फरक इंग्रजीच्या पदवीधरापेक्षा पक्का ठाऊक असतो.

खरा गुंता तिसऱ्या क्रियापदाचा आहे, ‘डिप्राइव्ह’चा, म्हणजे वंचित करण्याचा. मूळ लॅटिन, ‘प्रायव्हेट’ त्याच घराण्यातला. त्याची रचना ‘रॉब’सारखी: आधी माणूस, मग ‘ऑफ’, मग हिरावलेली गोष्ट. आपली मुलं हमखास ‘डिप्राइव्ह्ड फ्रॉम’ लिहितात. चूक व्याकरणाची दिसते, पण ती जन्मते आपल्या ‘पासून वंचित’ मधून. पीकविम्यापासून वंचित, अनुदानापासून वंचित, शाळेपासून वंचित. ‘पासून’ला ‘फ्रॉम’ लावलं की वाक्य तयार झालं असं वाटतं.

पण ‘फ्रॉम’ सुधारून भागत नाही. ‘वंचित’ संस्कृतात फसवला गेलेला. ‘आत्मवंचना’ म्हणताना तो अर्थ आजही शाबूत असतो. म्हणजे शब्दातच फसवणारा बसलेला आहे. मग आपण त्याला ‘राहिले’ जोडलं. ‘शेतकरी अनुदानापासून वंचित राहिले’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की त्यातली पोकळी दिसेनाशी झाली होती. अनुदान कुणी अडवलं? वाक्य सांगत नाही. शेतकरी आपणहून मागे राहिल्यासारखे वाटतात. ‘वंचित ठेवले’ लिहिलं की ठेवणारा शोधावा लागतो, आणि इंग्रजीत ‘डिप्राइव्ह’ कर्तरी वापरलं तरी तेच करावं लागतं. राज्यघटनेच्या 21व्या अनुच्छेदात हेच क्रियापद आहे, आणि मराठी पाठातही ‘वंचित केले जाणार नाही’ असं आहे, ‘वंचित राहणार नाही’ असं नाही. करणारा कोण हे तिथं उघड आहे: राज्यसंस्था. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तरी मालमत्तेच्या नव्या तरतुदीतही ‘डिप्राइव्ह’ कायम राहिलं.

या भागात सर्वांत वादाचा प्रयोग म्हणजे ‘पाणी पळवलं’. पैठणचं जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झालं, वरच्या अंगाला नाशिक आणि नगर जिल्ह्यांत धरणं आहेत, आणि दुष्काळाच्या वर्षी हे दोन शब्द प्रत्येक पारावर ऐकू येतात. ते इंग्रजीत कसे न्यायचे? ‘स्टील’ बसत नाही; धरणं दिवसाढवळ्या, सरकारी मंजुरीनं बांधली गेली, त्यात गुपचूप काही नाही. ‘रॉब’ला कायद्यात बळ किंवा धाक लागतो. ‘डायव्हर्ट’ अभियंत्याला चालेल, पण त्यात तहान नाही. ‘डिप्राइव्ह’ला मात्र एक अट आहे: आधी हक्क असावा लागतो. 2005 पर्यंत कुणीही विचारू शकत होतं, तुमचा हक्क कुठं लिहिला आहे? त्या वर्षीच्या कायद्यानं खोऱ्यातली टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची आणि ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी ठेवायची असं लिहून दिलं. त्यानंतर ‘डिप्राइव्ह’ अगदी नेमका शब्द झाला. वरच्या भागातल्या शेतकऱ्याला हे पटणार नाही, त्याचंही रान तहानलेलं असतं. तरीही मी हाच शब्द वापरीन.

शाळेत मात्र हा फरक फारसा पोहोचला नाही. राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली ती 2000 मध्ये, त्याआधी पाचवीत. मी जी शब्दांची यादी मुलांच्या वह्यांत पाहतो तिच्यात स्टील म्हणजे चोरणे, रॉब म्हणजे लुटणे, डिप्राइव्ह म्हणजे वंचित करणे, असा एकेक शब्द पाठ केलेला असतो. कर्म कोणतं, ‘ऑफ’ की ‘फ्रॉम’, याचा पत्ता नसतो.

1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्यायसंहितेत एका क्रियापदाला स्वतंत्र कलम मिळालं आहे: कलम 304, ‘स्नॅचिंग’. गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावणं जुन्या कायद्यात कधी चोरीत, कधी जबरी चोरीत बसवावं लागे. ‘स्नॅच’ मराठीतल्या ‘हिसकावणे’सारखंच वागतं, कर्म वस्तू, आणि माणूस ‘फ्रॉम’ लावून मागे. इथं मुलांचं ‘फ्रॉम’ बरोबर येतं.