दहा बाय दहाची खोली आणि रूम करेक्शन: पार्श्वभूमी

राजारामपुरी असो की नागाळा पार्क, कोल्हापुरातल्या नव्या फ्लॅटमध्ये चांगली सिस्टीम लावली की पहिली तक्रार ठरलेली: बेस घुमतो. खापर फुटतं स्पीकरवर, पण खरं कारण असतं खोलीत. माईकने आवाज मोजून हा दोष सिग्नलमध्येच फिल्टर लावून कमी करायचा, याला रूम करेक्शन म्हणतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत हे एवढं जाणवत नव्हतं. आयात शुल्कामुळे परदेशी सेट परवडत नसत, म्हणून गावातलाच कारागीर सेट जुळवून द्यायचा. ४४४० आयसीचा किंवा २एन३०५५ ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प, सनमायका लावलेली प्लायवूडची खोकी, खालच्या सुरांसाठी आठ इंची वूफर, वरच्या सुरांसाठी कागदी कोनाचा ट्वीटर. दोघांचे सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर म्हणजे ट्वीटरच्या वायरीत एक कपॅसिटर, बस्स. वरचे सूर अडवणारी कॉइल वूफरला बहुधा नसायचीच, त्यामुळे तो वरचे सूरही ओढत बसायचा आणि गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडून गोंधळून यायचा. पीएमपीओ या जाहिरातीतल्या मापाचे फुगवलेले वॅट वेगळेच. तरीही शिवाजी पेठेतल्या कौलारू घरात तो सेट गोड वाजे, कारण खालचा बेस तक्तपोशीतून आणि कौलांतून निघून जायचा. वर स्लॅब आला, खाली टाइल्स आल्या आणि त्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही.

स्पीकरपुरतं उत्तर परदेशात आधीच सापडलं होतं. सिग्नल अ‍ॅम्पच्या आधीच विभागायचा आणि प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे वूफरला वेगळा आणि ट्वीटरला वेगळा, असा स्वतंत्र अ‍ॅम्प द्यायचा, ही अ‍ॅक्टिव्ह पद्धत १९७०च्या दशकात युरोपातल्या स्टुडिओ मॉनिटरमध्ये रुळली. १९७६मध्ये मांडलेली क्रॉसओव्हरची रचना तर आजही सर्रास वापरतात. घरात ही पद्धत उशिरा आली, कारण जितके ड्रायव्हर तितके अ‍ॅम्प, तितके हीटसिंक आणि तितका खर्च. कमी तापणारे क्लास-डी अ‍ॅम्प आणि आवाजावर आकड्यांत प्रक्रिया करणारी डीएसपी चिप स्वस्त झाल्यावर हे सगळं एका खोक्यात मावलं.

पण डीएसपीबरोबर जुना वादही घरात आला. आवाजाची दुरुस्ती किती वरच्या सुरांपर्यंत करायची?

१९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तृतीयांश सप्तकाएवढ्या अरुंद पट्ट्यांचे फिल्टर लावून सभागृहं आणि स्टुडिओ ‘सपाट’ करायची लाट आली होती. पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर असलेला चाचणीचा आवाज, सोडायचा, माईक ठेवायचा आणि आलेख सरळ होईपर्यंत पट्ट्या हलवायच्या. आलेख सरळ व्हायचा, गाणं मात्र पुष्कळदा बिघडायचं. अशा मोजणीत माईकला थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकच. कान मात्र वरच्या पट्ट्यात आधी पोचलेल्या थेट आवाजावरच सूर पारखतो. भिंतीचा दोष काढायला थेट आवाज वाकवला, की चांगला स्पीकर हकनाक नासतो. स्टुडिओंनी पुढे ती पद्धत बरीचशी सोडली आणि जवळ ठेवायचे छोटे मॉनिटर धरले. तरी आजची कितीतरी सॉफ्टवेअर ऐकू येण्याच्या वरच्या टोकापर्यंत, म्हणजे २०,००० हर्ट्झपर्यंत, हात घालतात. डावा-उजवा समतोल नीट बसतो, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला कपाट असलेल्या खोलीत त्यात तथ्य आहेच. पण त्यासाठी स्पीकरचा मूळ स्वभाव बदलणं महागात पडतं.

सीमा कुठे आखायची याचं सूत्र एका जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९५४मध्ये दिलं आणि १९६२मध्ये सुधारलं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट आणि आवाज विरायला अर्धा सेकंद धरला, तर ती सुमारे २६५ हर्ट्झवर येते. तिच्याखाली खोलीचं राज्य, वर स्पीकरचं. शिवाय तिन्ही मापं सारखी असल्यामुळे तिन्ही दिशांचा पहिला अनुनाद, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत घुमून फुगणारा सूर, ५६ हर्ट्झवर एकावर एक चढतो. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची. म्हणून गाण्यात नेमका तोच सूर फुगतो आणि बाजूचे सूर बरे वाजतात.

इथे दुरुस्ती खरोखर कामाची ठरते. आलेखात त्याच जागी, तेवढ्याच रुंदीचा फिल्टर लावून उंचवटा कापला की सूर नुसता हळू होत नाही, त्याचं रेंगाळणंही कमी होतं. आलेखातल्या खड्ड्याचं, म्हणजे जिथे सूर बुडतो त्याचं, गणित मात्र उलटं. खोलीच्या ऐन मध्यावर बसलं की तोच ५६ हर्ट्झ जवळपास हरवतो. तिथे १० डीबी चढवायला अ‍ॅम्पकडून दहापट ताकद मागावी लागते आणि खड्डा तरीही भरत नाही. तिथे खुर्चीच मागे सरकवावी लागते.